चिलमनीआड बसलेले नाना

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, हैदराबाद संस्थानात, आणि संस्थान गेल्यावर तिथं जे काही उरलं त्यात, दीडशे बायकांच्या मेळाव्यात पडद्याआड बसवलेला पुरुष आजवर एकच होऊन गेला, आणि तो माझा बाप होता. इतिहासकारांनी या घटनेची दखल घेतलेली नाही. त्यांना सालारांच्या आणि सुभेदारांच्या पुढं वेळच मिळालेला नसावा. तेव्हा ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे आणि ती पार पाडायला मी सर्वस्वी लायक आहे, कारण प्रसंग घडला तेव्हा मी त्याच रंगमंचावर होते. वय अकरा, भूमिका सत्तर वर्षांच्या सासूबाईंची, केसांना खडूची पूड आणि बूड पत्र्याच्या ट्रंकेवर. त्या ट्रंकेवरून मला जे दिसलं ते हॉलमधल्या एकाही बाईला दिसलं नाही.

आमचं घर अंबरपेठेत होतं. एका लांब ओसरीला तीन बिऱ्हाडं लागून, मधे कमरेएवढ्या भिंती. त्या भिंतींवरून वाट्या जात, बोलणी जात आणि कधीकधी मांजरही जाई. डावीकडं सरोजनम्मा, उजवीकडं मुनीरखाला. परसात अंबाडी उगवायची ती आमच्या वाफ्यात, पण जेवायची ती तिन्ही घरांत. आई तिची ज्वारीच्या कण्या घालून भाजी करी आणि वर लसणाची फोडणी ओती. सरोजनम्मा तिला पुंटीकूर म्हणे, भरपूर लाल मिरच्या घालून वाटे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून ठेवी. मुनीरखाला तीच पानं गोश्तात घालत आणि वास मात्र भिंतीवरून आमच्याकडं पाठवत. सकाळी मी उठे ती तीन आवाजांनी. सरोजनम्मांच्या अंगणातला सडा, मुनीरखालांच्या कोंबड्यांना घातलेल्या शिव्या, आणि आमच्या ओसरीवर नानांच्या बोरूची करकर. नाना म्हणजे माझे वडील. निजामाच्या महसूल खात्यात ते अहलकार होते, म्हणजे साध्या भाषेत कारकून, पण त्यांचं उर्दू अक्षर असं की साहेब लोक मजकूर न वाचता नुसता कागद पाहत बसत. तशी त्या वेळची पद्धतच होती. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. मराठी ही घरी बोलायची गोष्ट. ती लिहायची वेळ नानांवर आलीच नव्हती, आणि लिहावी लागलीच तर ते मराठी वाक्य सरळ उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडं, लिहून मोकळे होत.

आमच्या घरात नाटकं लिहिली जात ती याच रीतीनं. नाटककार आई होती. नवरात्रात महिला मंडळाचं हळदीकुंकू होई आणि त्यात आईचं नवं नाटक असे. सगळ्या भूमिका बायकांच्या, प्रेक्षकही बायका. आईला लिहिता येत होतं, पण तिचं म्हणणं असं की लेखणी धरली की तिला वाक्य सुचत नाही, लाटणं धरलं की सुचतं. त्यामुळं ती चुलीपुढं बसून बोले आणि नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून, गुडघ्यावर वही ठेवून उतरवून घेत. भाकरी थापता थापता आई रडे, भांडे, सासू होई, सून होई, आणि मधेच त्याच आवाजात म्हणे, "परात सरकवा जरा." नाना परात सरकवत आणि वाक्य पुरं करत. मग आई म्हणे, वाचा. नाना ते सगळं प्रेम आणि सगळा तळतळाट वसुलीचा अहवाल वाचावा तसं वाचून दाखवत. नवऱ्याची जी जी वाक्यं असत, ती बहुतेक नानांच्याच तोंडची चोरलेली असत. आपलंच बोलणं आपल्याच हातानं उतरवून घेताना नानांची फक्त एक भुवई वर जाई. कलम थांबत नसे.

ती वही अजून माझ्याकडं आहे. मला तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मुनीरखालांच्या नातीला मी पानांचे फोटो पाठवते, ती फोनवरून मला वाचून दाखवते; तिला त्यातलं निम्मं कळत नाही आणि मला सगळं कळतं. आम्ही दोघी मिळून एक वाचक होतो. परवा ती विचारत होती, या नाटकातला नवरा दर पानावर 'देखेंगे' का म्हणतो? मी तिला म्हटलं, बाळ, हे नाटकातलं नाही, हा आमचा कौटुंबिक प्रश्न होता.

प्रश्न असा होता. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, कचेरीतली उर्दू गेली आणि इंग्रजी टाइपरायटर आले. नानांचं ते देखणं अक्षर एका आठवड्यात बिनकामाचं झालं, तरी ते निमूटपणे फायली बांधत राहिले. आठ वर्षांनी आता उरलेल्या राज्याचेही तीन तुकडे व्हायचे होते. मराठी मुलूख मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, आणि आमचं शहर तेलुगू मुलखाकडं. मराठी बोलणाऱ्या नोकरदारांना कागद आले की बोला, तिकडं जाता का इथं राहता? आमच्या आजोबांनी नांदेडाहून बैलगाडीनं येताना जेवढा विचार केला नसेल तेवढा विचार आता घरोघरी सुरू झाला. औरंगाबादहून थोरले काका दर आठवड्याला कार्ड टाकत, की आपल्या माणसांत या, इथं घरं स्वस्त आहेत आणि हवा चांगली आहे. नाना कार्ड वाचत, घडी घालत, टोपीत ठेवत आणि म्हणत, "देखेंगे." भाजीवाली आली तरी देखेंगे, पाहुणे यायचे म्हणाले तरी देखेंगे, आणि तीन पिढ्यांचा मुक्काम हलवायचा तरी तेच. कागद दसऱ्यानंतरच्या सोमवारी कचेरीत द्यायचा होता.

आईला जायचं नव्हतं. हे तिन्ही बिऱ्हाडांना ठाऊक होतं, फक्त तिनं नानांना सांगितलं नव्हतं. सरोजनम्मांनी भिंतीवरून तिला विचारलं की वहिनी, तुम्ही सरळ राहा म्हणून का नाही सांगत? आई तेव्हा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मी राहा म्हटलं की राहतील हो. आणि मग जन्मभर, भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकवतील, की तुझ्यासाठी राहिलो. त्यांचं त्यांनी बोलायला पाहिजे." सरोजनम्मांनी आपल्या नवऱ्याकडं एकदा वळून पाहिलं आणि मान डोलावली. त्याच आठवड्यात आईनं नवं नाटक सांगायला घेतलं. नाव 'सामान बांधा'. त्यात एक कारकून नवरा, एक बायको, एक सासू आणि एक ट्रंक. नवऱ्याला एक कागद आलेला असतो आणि तो तीन प्रवेश देखेंगे म्हणत असतो. नानांनी पहिलं पान उतरवून घेतलं, भुवई वर नेली, आणि दुसरं पान उलटलं.

इथं मला माझा एक गुन्हा कबूल करायचा आहे. एके दुपारी माझी जुनी पुस्तीची वही शोधताना ती मला नानांच्या कचेरीच्या कागदांच्या बस्त्यात सापडली, आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर कुणीतरी अ आ इ ई गिरवलेलं होतं. खाली नानांचं पूर्ण नाव, पन्नास वेळा. अक्षरं रेघेला अशी लटकलेली, जसे वाऱ्यात चिमटे निसटलेले कपडे. उर्दूत मोत्याची माळ ओवणारा माणूस मराठीत पहिलीतल्या पोरासारखा लिहीत होता, तेही दारं लावून. आज माझा नातू मला इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप पाठवतो आणि त्याला त्याचं काडीचंही वाटत नाही. नाना असते तर त्या पोराला त्यांनी छातीशी धरलं असतं. पण मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि माझ्या वहीची नासाडी झाली होती. मी तडक चुलीपुढं जाऊन आईला सांगितलं की नाना माझ्या वहीत बाराखडी गिरवतात. आईचा हात भाकरीवर थांबला. ती एवढंच म्हणाली, "हां. म्हणजे ठरलंय त्यांचं. तयारी चाललीय तिकडची." ती भाकरी करपली. आमच्या घरात करपलेली ती एकच भाकरी मला आठवते. दुसऱ्या दिवशी नाना वही घेऊन बसले तेव्हा आई म्हणाली, शेवटचं पान मी माझ्या हातानं लिहीन, तुम्ही राहू द्या.

इकडं तालमी सुरू झाल्या. बायकोचं काम आईकडं. नवऱ्याचं सरोजनम्मांकडं, कारण मंडळात त्यांच्याएवढा खर्ज कुणाचा नव्हता आणि नानांची काळी शेरवानी त्यांनाच बरोबर बसत होती. मिशा आबिड्सच्या बाजारातून आणल्या, त्या त्यांनी घरात लावून पाहिल्या तेव्हा त्यांचे यजमान बाहेर जाऊन बसले. मंडळाच्या अध्यक्षीणबाई पुण्याहून नव्यानं आलेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. त्यांना सरोजनम्मांचं मराठी ऐकून ठसका लागला. त्या आईला हळूच म्हणाल्या की नवरा जरा शुद्ध बोलेल असं पाहता येईल का? आईनं त्यांना गूळपाणी दिलं आणि सांगितलं की या नाटकातला नवरा हैदराबादचा आहे, शुद्ध बोलला तर बायको ओळखणार नाही.

खरी अडचण प्रॉम्प्टरची होती. संहितेची प्रत एकच आणि ती उर्दू अक्षरांत. मंडळात एकाही बाईला ती वाचता येईना. मुनीरखालांना येत होती, म्हणून त्यांना बसवून पाहिलं. त्या चष्मा लावून एकेक वाक्य छान वाचत, मग त्याचा अर्थ विचारत, आणि अर्थ कळला की पात्राशी भांडायला उठत. सून उलट बोलली की म्हणत, "ऐसा कईंको बोली इने? सास है उसकी." दोन तालमींत नाटक पहिल्या प्रवेशातून बाहेर पडलं नाही. राहता राहिले नाना. पण हॉलमध्ये मर्द असला तर मुनीरखाला येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर आई नाटक करणार नाही. यावर तोडगा काढला तो मुनीरखालांनीच. त्यांनी आपल्या दारावरची चिलमन, म्हणजे बांबूच्या काड्यांचा तो गुंडाळायचा पडदा, उतरवून आमच्या ओसरीवर आणून टाकला आणि निकाल दिला, "पडदा होना, बस. हमारे सामने रह्या तो क्या, नाना साब के सामने रह्या तो क्या." सगळ्या बायकांना हे एकदम पटलं. नानांना कुणी विचारलं नाही. ते देखेंगे म्हणाले असावेत.

त्यानंतर तालमीत एक गोष्ट ध्यानात आली. सरोजनम्मा मराठी शिकल्या होत्या त्या अठरा वर्षं भिंतीवरून ऐकून. पाठांतर त्यांना जमत नसे, पण ऐकलेलं वाक्य त्या जसंच्या तसं, हावभावासकट परत करत. चिलमनीआडून जे येईल ते त्या बोलत. नानांनी आतून एकदा दबक्या आवाजात म्हटलं, चाय ठंडी हो गई, तर सरोजनम्मांनी बायकोपुढं छातीवर हात ठेवून तेच सांगितलं, आणि खरं सांगते, प्रसंगाला ते शोभलं. नाना खोकले तर त्या खोकत. आईनं त्यांना सांगून पाहिलं, की नाटकातलं तेवढंच घ्या. सरोजनम्मा म्हणाल्या, "नाटकातलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, मला काय कळतं वहिनी? नाना तर एकाच आवाजात बोलतात." आईनं तो विषय तिथंच सोडून दिला. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

प्रयोग शनिवारी दुपारी होता, म्हणजे कागद द्यायच्या दोन दिवस आधी. आबिड्सच्या मागल्या गल्लीतल्या एका मुलींच्या शाळेचा हॉल. टांग्यात नानांनी आईला विचारलं, शेवटचं पान? आई म्हणाली, वहीत लिहिलंय. हॉलमध्ये शेवंती, मोगरा आणि मिशांच्या गोंदाचा वास होता. पुढं सतरंजीवर अध्यक्षीणबाई, दुसऱ्या रांगेत मुनीरखाला आपल्या दोन नणंदांना घेऊन, मागं बतुकम्माच्या सणाच्या फुलांच्या टोपल्या तशाच कडेला ठेवून आलेल्या सरोजनम्मांच्या मैत्रिणी. नाना बायका यायच्या तासभर आधीच चिलमनीमागं जाऊन बसले होते. चिलमन थोडी आखूड होती. खालून त्यांचे अंगठे दिसत, आणि पलीकडची फट फक्त माझ्या ट्रंकेच्या बाजूनं उघडी होती. आत एक माणूस आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि तो नाही असं प्रत्येकीनं मनापासून धरलं होतं.

पहिला प्रवेश हशात गेला, दुसऱ्यात मुनीरखाला फक्त एकदाच उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्यात मी ट्रंकेवर बसून माळ ओढत होते. सरोजनम्मा शेरवानीत येरझारा घालत होत्या, हातात घडी केलेला कागद. आईनं पदर खोचला आणि शेवटचं वाक्य टाकलं, की परवा सोमवार आहे. सांगा, जायचं की राहायचं?

सरोजनम्मांनी सवयीनं एक कान चिलमनीकडं केला. मला आतून पानांची सळसळ ऐकू आली. नानांनी वही उलटली, मग दुसऱ्या टोकाकडून उघडली, कारण मराठी वही डावीकडून उघडते आणि उर्दू उजवीकडून, म्हणजे आईची वही संपते तिथं नानांची सुरू होते. दोन्हीकडं कोरं. त्यांनी वही झटकली, त्यातून एक लवंग पडली. मग ते कुजबुजले, की इथं काहीच लिहिलेलं नाही.

सरोजनम्मांनी हातातल्या कागदाची घडी उलगडली, त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात सांगितलं, "इथं काहीच लिहिलेलं नाही."

पुढच्या बायकांनी च् च् केलं. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरी असाच कागद कोरा पडून होता. आत नानांनी कपाळाला हात लावला आणि अगदी बारीक आवाजात विनवलं, अहो, हे नाटकातलं नाही. सरोजनम्मांनीही कपाळाला हात लावला. "अहो," त्या आईला म्हणाल्या, "हे नाटकातलं नाही." मुनीरखालांनी ओढणी डोळ्यांना लावली. अध्यक्षीणबाई शेजारणीला म्हणाल्या की शुद्ध नाही, पण खरं आहे. नानांना कळून चुकलं की आता श्वास घेतला तरी तो जाहीर होणार. त्यांनी शेवटचा आसरा घेतला आणि म्हटलं, देखेंगे. सरोजनम्मांनी मिशीवर बोट फिरवून तेही बोलून दाखवलं, आणि दीडशे बायका अशा हसल्या की बाहेर टांगेवाल्यांची घोडी बुजली. प्रत्येकीच्या घरी एक देखेंगे होताच.

आई हसली नाही. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग ती सरोजनम्मांच्या बाजूनं दोन पावलं पुढं गेली आणि चिलमनीसमोर उभी राहिली. नाटकातल्या आवाजात नाही, चुलीपुढच्या आवाजात तिनं म्हटलं, "ते ऐकलंय. पुढचं सांगा."

सरोजनम्मांनी कान लावला. मी फटीतून पाहत होते. नानांनी कलम कानावर ठेवलं, मग काढलं. शेरवानीच्या खिशात हात घालायला गेले, पण शेरवानी सरोजनम्मांच्या अंगावर होती. कडेला बसलेल्या हार्मोनियमवाल्या बाईंच्या पेटीचा भाता आपोआप सुस्कारला. आईचा खोचलेला पदर सुटला होता आणि तो तिनं परत खोचला नाही. उत्तर काय येणार हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. पुस्तीची वही तिच्या डोक्यात होती, आणि ती मीच घातली होती. मी सासूबाईंची माळ घट्ट धरली आणि मारुतीला कबूल केलं की पुन्हा कुणाच्या चहाड्या करणार नाही.

मग चिलमन हलली. अंगठे उभे राहिले. बायकांनी भराभर पदर आणि ओढण्या ओढल्या, कारण चिलमनीआडच्या माणसाला उंची असते हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. आणि ज्या नानांचा आवाज आम्ही मिसला, म्हणजे कचेरीच्या फायली, वाचायच्या पट्टीच्या वर कधी चढलेला ऐकला नव्हता, ते सरोजनम्मांच्या मदतीशिवाय, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "नाही जायचं कुठं, बस. बाराखडी गिरवून पाहिली. तिथं माझं अक्षर कोण वाचणार?"